डाव्या हाताची घडी

कापडाच्या दुकानात मृणाली ड्रेसपीस बघत होती आणि हरेश शेजारच्या खुर्चीवर बसून कशाकडेच बघत नव्हता. गल्ल्यापलीकडे गादीवर एक माणूस पाय मुडपून बसला होता. गिऱ्हाइकाने उघडून नापसंत केलेला माल पुन्हा पॅक करायचा, एवढंच त्याचं काम. मृणालीने एक जांभळा पीस बाजूला सारला, तो त्याच्याकडे गेला. त्याने कापडाची घडी सारखी केली, प्लॅस्टिक ओढून घेतलं, वरचं टोक आत लोटलं, उजवी बाजू डावीवर आणली, कोपऱ्यात करंगळी घालून एक बारीक त्रिकोण आत दाबला आणि वर कागद धरून इस्त्रीचं टोक फिरवलं. पीस पुन्हा कोरा झाला. तो कुणी उघडला होता हे आता सांगताही आलं नसतं. हरेशने तो त्रिकोण पाहिला आणि उतरताना एखादी पायरी चुकावी तसं त्याला झालं.

"भाई, ये फिरसे खोलो," तो म्हणाला.

"ये तो भाभी ने छोड दिया."

"खोलो. और वापस बंद करो."

माणसाने मृणालीकडे पाहिलं. "खोल दो भैया," ती म्हणाली. "घर में भी यही करते हैं. डब्बे देखते बैठते हैं दिनभर." पलीकडच्या दोन बायका हसल्या. माणसाने पीस उघडला आणि पुन्हा बंद केला. टोक आत, उजवी बाजू डावीवर, करंगळी, त्रिकोण. हरेशने मनातल्या मनात ती घडी आरशात धरली. डावी बाजू उजवीवर आली, त्रिकोण दुसऱ्या कोपऱ्यात गेला, आणि त्याच्या कपाटातली पहिल्या नंबरची वस्तू समोर आली.

मृणालीने शेवटी दुसऱ्याच दुकानातून पीस घेतला. परतताना अंजूर फाट्याला कंटेनरांची रांग लागलेली होती. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि हरेशला ते बरं वाटत होतं. घरी पोहोचलं की कपाट उघडावं लागणार होतं. मानकोलीला जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता तीन गोदामं होती. भाडं खात्यात जमा व्हायचं आणि हरेशला दिवसभर करण्यासारखं काही उरायचं नाही. त्यातून हा नाद लागला. टीव्हीला जोडायच्या खेळाच्या जुन्या कॅसेटी, तळहाताएवढ्या, पिवळ्या, काळ्या, राखी. यंत्राच्या डोक्यात खोचायच्या. एके काळी घराघरांत होत्या, मग भंगारात गेल्या. त्याने त्या भंगारातूनच उचलायला सुरुवात केली आणि वरच्या मजल्यावरची खोली भरली. मृणाली म्हणायची, माणसं जमिनी विकून गाड्या घेतात, तुम्ही पोरांचा कचरा घेता. तो वाद घालत नसे. प्रत्येक कॅसेट उघडायची, आतली पट्टी पाहायची, खोडरबराने घासायची, लेबलाला मात्र हात लावायचा नाही, फोटो काढायचा, नंबर द्यायचा आणि संगणकावर नोंद करायची. नोंदीचा त्याचा एकच नियम होता. दिसतं ते लिहायचं, सांगितलेलं लिहायचं नाही. विकणारा म्हणतो म्हणून अस्सल नाही, देणारा रडतो म्हणून दुर्मीळ नाही. या कोरडेपणामुळेच देशभरातले जमवणारे त्याला फोटो पाठवून निकाल मागत, आणि तो निकाल लोकांना पटला नाही तरी चालत असे.

पहिल्या नंबरला होती 'स्काय टायगर'. खोक्यासकट, पारदर्शक कागदात सीलबंद. भिवंडीतलं घड्याळांचं एक जुनं दुकान बंद झालं, तेव्हा पोटमाळ्यावरच्या न विकलेल्या मालात ती मिळाली होती. तिच्या पाठीमागची घडी त्याने भिंगाखाली पाहिली होती. ती इतकी सरळ होती की ती यंत्राने घातली असणार याबद्दल त्याला शंका आली नाही. डावी बाजू उजवीवर, कोपऱ्यात त्रिकोण. अशी घडी त्याने दुसऱ्या कुठल्याच खोक्यावर पाहिली नव्हती. तेव्हा त्याने लिहिलं, 'कारखान्याचं सील. उलट घडी ही त्या कारखान्याची खूण.' हे वाक्य त्याच्याकडून बाहेर गेलं आणि पसरलं. नाशिकच्या राघोने पुढे तोच खेळ सीलबंद मिळवला, मोठ्या हौसेने फोटो पाठवले. हरेशने एका ओळीत कळवलं, घडी उलट नाही, नंतर कुणीतरी बंद केलेली आहे. राघोने ते मानलं. बिचाऱ्याने खोकं उघडून टाकलं.

घरी आल्यावर तो सरळ वर गेला. कपाटातून खोकं काढलं, दिव्याखाली पालथं ठेवलं. घडी पाहिली. मग ड्रॉवरमधून एक प्लॅस्टिकची पिशवी घेतली आणि वहीला गुंडाळून तीच घडी घालायचा प्रयत्न केला. उजव्या हाताने ती उलटी पडत नव्हती. त्रिकोण दाबायला बोट कोपऱ्यात नेलं की मनगट आडवं यायचं. त्याने हात बदलला. डावं बोट आपसूक कोपऱ्यात गेलं. त्याच्या हाताला सवय नव्हती, घडी वाकडी झाली, पण बाजू बरोबर पडल्या. यंत्राला डावा-उजवा हात नसतो. ही घडी डावऱ्या माणसाने घातली होती, कापड पॅक करणाऱ्या माणसाने, आणि यंत्राने घातल्यासारखी घातली होती. भिवंडीत असे किती असतील, असं त्याने स्वतःला विचारलं. नोंद करणाऱ्याने विचारायला हवा तसाच तो प्रश्न होता. पण उत्तर आधीच येऊन बसलं होतं. वर्तमानपत्र वाचून झालं की त्याच्या चारही कडा जुळवणारा, लग्नपत्रिकेचं प्लॅस्टिक पुन्हा होतं तसं घालून ठेवणारा, डाव्या हाताने मीठ घेतो म्हणून पंगतीत बोलणी खाणारा त्याचा बाप काळूराम, जमिनीवर गोदामं उभी राहण्याआधी पुरी उमर एका व्यापाऱ्याच्या गाळ्यात पॅकिंग करत होता.

बापाशी त्याचं भांडण कधी झालं नाही. भांडायला बोलावं लागतं. आठवीतल्या दिवाळीआधी काळूराम एकदाच म्हणाला होता, "तुला ती टीव्हीची कॅसेट पाहिजे ना, बघू." घरी खेळाचं यंत्र नव्हतं. यंत्र रेतीचा धंदा करणाऱ्या हिरामणकाकाकडे होतं, त्याच्या दीपेशसाठी घेतलेलं, आणि आळीतली पोरं तिथे जमत. ज्याची कॅसेट त्याचा पहिला हात, असा तिथला कायदा. ज्याच्याकडे कॅसेट नाही त्याने दाराशी बसून बघायचं. हरेश दोन वर्षं दाराशी बसला होता. उंबऱ्याची फरशी मांडीला गार लागायची, आणि पडद्यावरचं विमान पडलं की सगळ्यांच्या आधी त्याच्या तोंडून आवाज निघायचा, तेव्हा दीपेश न वळता म्हणायचा, "ए दारवान, गप." बाप 'बघू' म्हणाला त्या आठवड्यात हरेशने आळीभर सांगून टाकलं की आपली येणार. दिवाळीत काळूरामने कागदात गुंडाळलेली वस्तू त्याच्या हातात दिली. गजराचं घड्याळ होतं. "अभ्यासाला उठायला," बाप म्हणाला. हरेशला वाटलं, याने मुद्दाम केलं. पोरगं हपापलंय ते बघून शिकवायला गेला. त्याने ते घड्याळ एकदाही चावी देऊन लावलं नाही. दीपेशकडे जाणं बंद केलं. बापाशी लागेल तेवढं बोलू लागला आणि ते 'लागेल तेवढं' वयाबरोबर कमी होत गेलं. काळूराम दवाखान्यात असतानाही दोघं सलाइनच्या बाटलीविषयी बोलले, ती किती उरली आहे याविषयी. बाप गेला तेव्हा हरेशला आत काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही याची त्याने थंडपणे नोंदही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली आला तेव्हा कमळा, त्याची आई, व्हरांड्यात भिजलेले वाल सोलत बसली होती. समोरच्या रस्त्याने कंटेनर गेला की तिची ताटली किंचित थरथरायची आणि ती गुडघ्याने धरून ठेवायची. तो शेजारी बसला. काय विचारायचं ते त्याने वरून ठरवून आणलं होतं, सरळ आणि तिला काहीही सुचवणार नाही असं.

"आये, बाबांनी कधी टीव्हीच्या खेळाची कॅसेट आणलेली?"

"आनली व्हती की," कमळा म्हणाली. "तुझ्यासाठी. दिवालीच्या आंगोदर."

वाल बोटातून सुटून ताटलीत पडत होते.

"मग?"

"मंग काय. तू साळंत व्हतास. मना बोल्ला, माल बघितल्याबिगर पोराच्या हातात द्याचा न्हाय. उघरली आनी ग्येला हिरामनकरं. तिकरं लावून बघितली. नुसत्या रेघा. उभ्या रेघा टीवीवर, दुसरा काय न्हाय. हिरामन बोल्ला डॅमेज हाय. मंग घरी आला, इस्त्री तापवली, व्हती तशी पॅक केली."

"पॅक कशाला केली?"

कमळाने त्याच्याकडे पाहिलं. "घडी मोडलेला माल परत घेतात काय कोन? तुजा बापूस गाल्यात काय करायचा मंग? डाग निंगाला, धागा तुटला, का कापडाचा अख्खा ताका परत, पन जसा आला तसा परत. दुकानवाल्यानी घेतली. दुसरी न्हवती त्याच्याकरं. मंग बदल्यात घड्यालच दिला त्यानी."

रस्त्यावर एक ट्रेलर मागे घेताना टींटीं वाजत राहिला.

"मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलास कंदी?" ती म्हणाली, आणि वालाची साल झटकली. तिच्या आवाजात ठपका नव्हता. कुणी भाव विचारला नाही तर भाव सांगत नाहीत, इतकं साधं होतं ते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी बोल्लेली त्याला, पोराला सांग. तं बोल्ला, हातात आली न्हाय ती वस्तू, सांगून काय त्याला दोनदा रडवू? आनी तू रडलास बी न्हाय. गपच बसलास. मना वाटलं बरा झाला."

वर जाऊन त्याने रुचिकाला फोन लावला. मुंबईत एका संस्थेतर्फे घरगुती खेळांचं प्रदर्शन भरणार होतं, त्याची जुळवाजुळव ती करत होती. 'स्काय टायगर' दर्शनी कपाटात बसणार होती. उद्या गाडी न्यायला येणार होती.

"ते सील कारखान्याचं नाही," हरेश म्हणाला. "इथे भिवंडीत हाताने केलेलं आहे. माझी चूक झाली."

"सर, फलक छापून आलाय. 'देशातली एकमेव सीलबंद.'"

"मग बदला."

"पण तुम्हीच तर... हरेश सर, काचेच्या आत असणार आहे. कोण घडी मोजायला येणार आहे?"

"मला विचारून छापलंत ना? मग मीच सांगतोय."

"एवढे दिवस एक बोलता आणि आज दुसरं," ती म्हणाली, जरा चिडून, मग सावरली. "सॉरी. कळलं कसं पण?"

"घालणाऱ्याचा हात ओळखीचा निघाला."

याचा तिला काही अर्थ लागला नसावा. "बरं. मग ती आता काय आहे?"

"उघडून पुन्हा बंद केलेली कॅसेट."

"म्हणजे आता उघडायला हरकत नाही," रुचिका म्हणाली. ती हुशार मुलगी होती, हातातून गेलेल्या गोष्टीकडे फार वेळ बघत बसणारी नव्हती. "चालते का बघा ना सर. चालत असेल तर टीव्हीला लावूनच ठेवू. पोरं खेळतील. मला संध्याकाळपर्यंत कळवा, चालते की नाही तेवढं."

त्याने राघोलाही निरोप पाठवला: तुझी अस्सल होती, माझी नव्हती, उलट घडीबद्दल मी लिहिलेलं सगळं मागे घेतो. उत्तर लगेच आलं. 'वा शेठ. माझी उघडायला लावलीस आणि आता सांगतोस. तुझ्या निकालावर किती जणांनी ब्लेड चालवलं असेल मोज जरा.' हरेशने मोजलं नाही. मोजता येण्यासारखं ते होतंही, त्याच्याकडे सगळे निकाल तारीखवार होते. त्याने फक्त नोंद उघडली आणि 'कारखान्याचं' हा शब्द काढला. त्याच्या जागी काय घालावं हे पटकन सुचेना. मग त्याने लिहिलं, 'हाताने केलेलं, डावरा, पॅकिंगचं काम येणारा माणूस.' नाव लिहिलं नाही. नाव त्याला आईने सांगितलं होतं, दिसलेलं नव्हतं.

दुपारी खोलीत ऊन तिरपं येत होतं. खोकं टेबलावर पालथं होतं. रुचिकाच्या प्रश्नात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. खोकं बंद ठेवून आता कुणाला काही मिळणार नव्हतं, आणि चालते की नाही हे न बघता सोडलेली त्याच्या नोंदीत दुसरी एकही वस्तू नव्हती. पण उघडलं की घडी जाणार होती. बापाने मागे काय ठेवलं असं कुणी विचारलं असतं, तर हरेशने तीन गोदामं दाखवली असती. ती तर जमिनीने ठेवली होती. हाताने ठेवलेलं एवढंच होतं, बोटाच्या पेराएवढा एक त्रिकोण. त्यावर इस्त्रीचं टोक कुठे टेकलं आणि कुठून उचललं हे भिंगाखाली अजून दिसत होतं. उचलताना हात जरासुद्धा हलला नव्हता. शाळा सुटायच्या आत हे उरकायचं आहे हे त्या हाताला माहीत असणार, तरी त्याने घाई केली नव्हती. हरेश बराच वेळ बघत राहिला. मग त्याने डावं बोट कोपऱ्यात घातलं. इतक्या वर्षांनी कागद ठिसूळ झाला होता. त्रिकोण उलगडला नाही, तुटला. बाकीचा कागद एका ओढीत निघून आला.

आत कॅसेट नवीकोरी होती. लेबलावर विमानाच्या काचेतून बघणारा वाघ, चष्मा लावलेला. त्याने ती यंत्रात खोचली, टीव्ही लावला. पडद्यावर उभ्या रेघा आल्या. राखी, सारख्या, वरपासून खालपर्यंत. त्याला एकदम हलकं वाटलं. बाप बरोबर होता. माल खराब होता, खराब माल परत केला गेला, त्यात कुणाचंच काही चुकलं नाही, आणि झालं ते एवढंच होतं. तो खुर्चीत मागे टेकला. आणि टेकता टेकताच त्याचा हात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्याला न विचारता पुढे गेला. बटण बंद केलं, कॅसेट उपसली, पट्टीवर फुंकर मारली, पुन्हा खोचली, थोडी दाबून. हे तो रोज करायचा. हे दाराशी बसणाऱ्या पोरालासुद्धा येत होतं. आळीतल्या कुठल्याही पोराला रेघा दिसल्या की हेच करायचं हे माहीत होतं. पण त्या दिवशी पोरं शाळेत होती. हिरामणकाकाच्या घरात दोन मोठी माणसं होती, एक कापडातला आणि एक रेतीच्या धंद्यातला. कापडात धागा तुटला की तुटला. ताका परत आत सारून पुन्हा ओढला तर डाग जातो असं कापडात होत नाही.

बटण दाबलं. वाघ डोळे मिचकावून हसला आणि खोलीभर एक किरकिरी, उड्या मारणारी धून वाजू लागली.

त्याने ती पूर्ण वाजू दिली. एक डाव खेळला. विमान डोंगराला धडकलं तेव्हा त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही. त्याला आठवीतला पोरगा दिसला, दप्तर टाकून हिरामणकाकाकडे बापाच्या मागून जाणारा, बापाच्या हातातून कॅसेट घेऊन फुंकर मारणारा. बापाने त्या पोराला तिथे नेलं नव्हतं, कारण दिवाळीत त्याला आश्चर्य वाटायला हवं होतं. यापलीकडे यात काही नव्हतं. हरेशने टीव्ही बंद केला. रुचिकाला कळवलं: चालते, घेऊन जा. संगणकावर नोंद पुरी केली: 'पहिल्यांदा रेघा. काढून पुन्हा बसवल्यावर व्यवस्थित चालते.' वाक्य त्याने एकदा वाचलं. त्यात चूक नव्हती. निघालेला कागद त्याने टाकला नाही आणि नोंदलाही नाही, नुसता ड्रॉवरमध्ये सरकवला आणि खाली आला.

जेवण आटपून कमळा पुन्हा तिथेच येऊन बसली होती. वाल संपत आले होते. तिने वर न बघताच विचारलं, "उघरलीस काय?"

"हो."

"चालते?"

दिसतं ते सांगायला त्याला कधी वेळ लागला नव्हता. जमिनीवर आईच्या बाजूला बसताना त्याने गुडघ्याला हात टेकला, आणि गावात कुणाशी बोलत नसे त्या तिच्या बोलीत तो म्हणाला, "न्हाय."

"मंग वर वाजत काय व्हता?"

"ती दुसरी व्हती."

कमळाने मान हलवली. रस्त्याने कंटेनर गेला, तिने ताटली गुडघ्याने धरली. "मना वाटलंच," ती म्हणाली. "तुजा बापूस उगाच माल परत करनारा न्हवता."

"न्हवता," हरेश म्हणाला, आणि उरलेले वाल आपल्या पुढ्यात ओढून सोलायला लागला.